दर्यातला कंदील

अरबीत जेलीफिशला ‘किंदील-उल-बहर’ म्हणतात, म्हणजे समुद्रातला कंदील. कोकणातून कुवेत-दुबईला गेलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या कानावर हा शब्द पडला असेल. यातला किंदील तोच, जो मराठीत कंदील होऊन घरोघरी टांगला गेला आणि दिवाळीत आकाशकंदील झाला. अरबांनी तरी तो कुठे स्वतः घडवला? त्यांच्याकडे तो ग्रीक-लॅटिनकडून आला. मूळ शब्द ‘कँडेला’, म्हणजे मेणबत्ती. ‘बहर’ची गंमत आणखी वेगळी. अरबीत बहर म्हणजे समुद्र, तर आपल्या आंब्याला येणारा बहर फारसीच्या ‘बहार’मधून आलेला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण समुद्रात जेलीफिशचे हजारोंचे थवे एकाएकी दिसू लागतात, तेव्हा शास्त्रज्ञ त्याला ‘बहर आला’ याच अर्थाचा शब्द वापरतात.

आपल्याकडे या प्राण्याबद्दल साधारण दोनच गोष्टी माहीत असतात. तो डंख मारतो, आणि किनाऱ्यावर येऊन पडला की त्याचा थुलथुलीत गोळा होतो. त्याच्या अंगात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी. मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही, रक्त नाही. तोंड एकच, आणि खाणे आत घेणे व उरलेले बाहेर टाकणे ही दोन्ही कामे त्यातूनच. अशा जिवाबद्दल जाणून घेण्यासारखे काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. मला मात्र या प्राण्याइतकाच त्याच्याविषयीच्या ज्ञानाचा इतिहास ओढून घेतो. कारण तो घडवणाऱ्यांत जेलीफिशचे पंडित फार थोडे. त्यात एक गावचा पाद्री आहे, मार्सेचा एक डॉक्टर आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका लहान शहराचा फॅमिली डॉक्टर आहे आणि नागासाकीजवळ वाढलेला एक रसायनशास्त्रज्ञ आहे.

सुरुवात एका जुन्या प्रश्नापासून करावी लागते: हा प्राणी आहे की वनस्पती? अ‍ॅरिस्टॉटलने डंख मारणाऱ्या समुद्री जिवांना ग्रीकमधले एका झुडपाचे नाव दिले. हात लागला की आग करणारे ते झुडूप, आपल्या खाजकुयलीची चुलती म्हणा. हे जीव त्याला कुठल्याच खणात नीट बसेनात. वनस्पती आणि प्राणी यांच्या मधले काहीतरी, असे त्याने म्हटले. त्याचे प्राण्यांवरचे ग्रंथ नवव्या शतकात अरबीत आले. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मायकेल स्कॉट या विद्वानाने ते लॅटिनमध्ये नेले ते ग्रीकवरून नव्हे, या अरबी भाषांतरावरून. म्हणजे पश्चिम युरोपाला अ‍ॅरिस्टॉटलचे प्राणिशास्त्र पुन्हा भेटले ते अरबीच्या वाटेने. मधल्या काळात मुस्लिम विचारवंतांनी हा प्रश्न नुसता जपून ठेवला नाही, त्यावर स्वतःचा विचारही केला. इब्न खल्दूनने १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्यात सृष्टीतल्या पायऱ्यांबद्दल तो लिहितो, तेव्हा वनस्पतींच्या शेवटच्या पायरीवर खजूर आणि द्राक्षवेल ठेवतो. तिला लागून असलेल्या प्राण्यांच्या पहिल्या पायरीवर तो गोगलगाय आणि शिंपल्यातले जीव ठेवतो, ज्यांना केवळ स्पर्शाची जाणीव आहे. याला डार्विनच्या आधीचा डार्विन म्हणून मिरवण्याची आपल्याकडे हौस आहे. ती मला पटत नाही. इब्न खल्दून इतिहासकार होता. तो पायऱ्यांबद्दल बोलत होता, काळाच्या ओघात होणाऱ्या बदलाच्या यंत्रणेबद्दल नव्हे. पण निर्जीव, वनस्पती आणि प्राणी यांच्यामधल्या सीमारेषा धूसर आहेत हे त्याला दिसले होते, आणि तेवढेही पुरेसे मोठे आहे.

ही धूसर रेषा प्रत्यक्ष पाण्यात तपासली गेली ती उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आणि जेलीफिशवर नव्हे तर तिच्या नात्यातल्या पोवळ्यावर. पोवळे हे समुद्रातले झाड आहे अशी युरोपातली समजूत होती. १७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने पोवळ्याची फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवून तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी ‘फुले’ उमलताना पाहिली, तेव्हा तर वादच मिटला असे सर्वांना वाटले. पुढे १७२५च्या सुमारास पेसोनेल हा मार्सेचा डॉक्टर ट्युनिस आणि अल्जिअर्सच्या मुलखात हिंडत होता. तिथे दर्यातून पोवळे काढण्याचा धंदा जुना. त्याने ताजी पोवळी भांड्यात ठेवून पाहिली. हात लावला की ‘फूल’ आत ओढले जाते, थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येते. फूल असे करत नाही. हा तर त्या डंख मारणाऱ्या समुद्री जिवांसारखाच एक इवलासा प्राणी आहे, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. तिथले मोठे शास्त्रज्ञ रेओमूर यांना ते इतके विचित्र वाटले, की अकादमीपुढे हे मत मांडताना त्यांनी पेसोनेलचे नावच घेतले नाही. बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून! पंधराएक वर्षांनी गोड्या पाण्यातल्या हायड्राचे प्रयोग गाजले, तेव्हा कुठे रेओमूर यांनी पेसोनेल बरोबर होता हे मान्य केले. तोवर तो वेस्ट इंडीजमधल्या ग्वाडलूप बेटावर सरकारी डॉक्टर होऊन निघून गेला होता.

जेलीफिश, पोवळे, हायड्रा आणि समुद्रफूल ही सगळी एकाच मोठ्या कुळातली. कुळाची खूण म्हणजे डंखपेशी. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. धक्का लागला की तो उलटा होऊन बाहेर फेकला जातो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात हे घडते, आणि त्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. म्हणूनच वाळूवर मरून पडलेली जेलीफिशही डंख मारू शकते.

आता त्या पाद्रीकडे येतो, कारण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारा माणूस तोच.

मायकेल सार्स १८०५ साली नॉर्वेतल्या बर्गनमध्ये जन्मला. ओढा निसर्गाकडे, पण पोट भरायचे तर धर्मशास्त्र शिकून पाद्री होणे हाच मार्ग. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटाबेटांच्या वस्तीत त्याने वीसहून अधिक वर्षे चर्चची नोकरी केली. जवळ विद्यापीठ नाही, मोठे ग्रंथालय नाही. समुद्र मात्र दाराशी. अजून नोकरीही लागलेली नव्हती, तेव्हा १८२९ साली त्याने एक छोटी पुस्तिका छापली आणि तिच्यात काही नवे समुद्री जीव वर्णन केले. त्यांतला एक समुद्राच्या तळाला चिकटून राहणारा, पेल्याच्या आकाराचा, वर दोऱ्यांसारख्या शुंडा असलेला. त्याला त्याने ‘स्कायफिस्टोमा’ नाव दिले. दुसरा दिसायला एकावर एक रचलेल्या बशांच्या चळतीसारखा. त्याचे नाव ‘स्ट्रोबिला’. दोन वेगळे प्राणी, दोन नवी नावे.

कोणताही हौशी माणूस इथे खूश होऊन थांबला असता. सार्स पाहत राहिला. काही वर्षांनी त्याच्या ध्यानात आले, की पेल्यासारखा तो जीव वाढता वाढता त्याच्या अंगाला आडव्या चिरा पडतात, चिरा खोल होतात, आणि त्याचीच बशांची चळत होते. म्हणजे हे दोन प्राणी नव्हतेच. १८३५ साली त्याने तसे छापले. मग त्याने चळतीवर नजर ठेवली. सर्वांत वरची बशी थरथरू लागते, सुटते आणि आठ हातांची चांदणी होऊन पोहत निघून जाते. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. ही चांदणी मोठी होऊन काय होते? १८४१ साली त्याने पूर्ण साखळी मांडली. ती होते ‘ऑरेलिया’, म्हणजे जगभर आढळणारी, पाठीवर चार गोल कड्या असलेली बशीसारखी साधी जेलीफिश. तिला लिनियसने १७५८ सालीच केसांच्या जागी साप असलेल्या ग्रीक राक्षसिणीवरून ‘मेड्युसा’ या नावाखाली नोंदवले होते. तीन नावांनी ओळखले जाणारे तीन प्राणी प्रत्यक्षात एकाच प्राण्याच्या तीन अवस्था होत्या.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण जेलीफिशच्या जीवनाचे सगळे कोडे इथेच सुटते. आपण जिला जेलीफिश म्हणतो ती नर किंवा मादी असते. त्यांच्या मीलनातून तांदळाच्या दाण्याहूनही कितीतरी लहान अशी अळी जन्मते. ती पोहत जाऊन खडकावर, शिंपल्यावर, धक्क्याच्या खांबावर बसते आणि तिचा पॉलिप होतो. पॉलिप झाडासारखा एका जागी राहतो, कळ्या काढून स्वतःच्या प्रती वाढवतो आणि वर्षानुवर्षे जगू शकतो. त्याला नर-मादी लागत नाही. हवामान जुळून आले की त्याची चळत होते आणि बशा सुटू लागतात. म्हणजे जेलीफिशची संतती जेलीफिश नसते. ती नातवंडांच्या पिढीत परतते. मुलगा आजोबांवर गेला असे आपण म्हणतो, तसेच काहीसे, पण शब्दशः. प्राणी की वनस्पती हा अ‍ॅरिस्टॉटलचा गोंधळही इतका वेडगळ नव्हता. हा जीव अर्धे आयुष्य रोपासारखे काढतो आणि अर्धे भटक्यासारखे.

एकाएकी येणारा ‘बहर’ही यावरून कळतो. थवा आभाळातून पडत नाही. तो आधीपासून तळाशी, नखाहून लहान पॉलिपांच्या रूपात, कुणाला न दिसता बसलेला असतो. आपण समुद्रात जितके काँक्रीटचे धक्के, खांब आणि बांध उभे करतो, तितकी त्यांना बसायला जागा मिळते. २०१३ साली स्वीडनमधल्या ऑस्कर्सहाम अणुवीज केंद्राची एक अणुभट्टी बंद करावी लागली ती याच ऑरेलियाच्या थव्यामुळे. थंड पाणी आत घेणारे नळ तिने तुंबवले होते.

सार्सचे काम युरोपभर पोहोचले आणि १८५४ साली त्याला राजधानीतल्या विद्यापीठात प्राध्यापक नेमले गेले. पाद्रीपणाच्या काळात त्याने लिहिलेले काम इतके पक्के होते, की आजही जेलीफिशच्या पुस्तकात पॉलिपला स्कायफिस्टोमा आणि चळत पडण्याला स्ट्रोबिलेशन म्हणतात. प्राणी म्हणून ती नावे बाद झाली, अवस्था म्हणून टिकली.

सगळ्याच जातींचे आयुष्य या साच्यात बसते असे मात्र नाही. खऱ्या अर्थाने ‘मोठ्या’ जेलीफिशच्या जाती दोनशेच्या आसपास. चौकोनी घंटेसारख्या पेटी-जेलीफिश पन्नासएक. बाकी हायड्राच्या गोतावळ्यातल्या हजारो जाती, त्यांपैकी पुष्कळ डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या. सिंहाच्या आयाळीसारख्या शुंडा असलेली उत्तरेकडची एक जात दोन मीटरहून रुंद होते. पेटी-जेलीफिशला तर चोवीस डोळे असतात, त्यांतल्या काहींना आपल्यासारखे भिंग आणि पडदाही असतो. मेंदू नसताना ती पाहून करते काय? तर खारफुटीच्या मुळांमधून न धडकता वाट काढते. आणि भूमध्य समुद्रातली ती छोटीशी ट्युरिटॉप्सिस! जखम झाली किंवा उपासमार झाली की ती मरण्याऐवजी आक्रसते, तळाला बसते आणि पुन्हा पॉलिप होते. प्रौढाने परत बाळ व्हावे तसे. १९९६ साली इटालियन संशोधकांनी हे सविस्तर मांडल्यापासून वर्तमानपत्रे तिला ‘अमर’ म्हणतात. हा शब्द जरा जपून वापरावा. समुद्रातल्या बहुतेक ट्युरिटॉप्सिस कुणाच्या तरी पोटातच जातात.

पावसाळ्यात मुंबईच्या जुहू-गिरगावला निळ्या फुग्यांसारखे जे येते, त्या ‘ब्लू बॉटल’ला आपण जेलीफिश म्हणतो. ती तशी नाही. ती एक वसाहत आहे. फुगा एक जीव, शुंडा दुसरे, पोट तिसरे, आणि सारे एकमेकांना जन्मापासून जोडलेले. २०१८च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अनेकांना तिचे डंख बसले आणि बातम्या झाल्या. डंख बसला तर वाळूने चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, शुंडा चिमट्याने काढाव्यात आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे धरावा. श्वास लागला, चक्कर आली तर थेट दवाखाना.

हा शेवटचा मुद्दा आला कुठून, त्याचाही या निळ्या फुग्याशी संबंध आहे. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट आपल्या संशोधन-जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांना घेऊन अटलांटिकमध्ये गेले. निळ्या फुग्याच्या विषाचा अभ्यास करा, ही सूचना राजेसाहेबांचीच. परत फ्रान्सला आल्यावर फुगे मिळेनात, म्हणून दोघांनी नात्यातल्या समुद्रफुलाचे विष घेतले. थोडे थोडे विष देऊन कुत्र्यांना त्याची सवय लावता येईल असा त्यांचा बेत. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिला डोस पचवला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा डोस दिला, आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण व्हायच्या ऐवजी शरीर उलट हळवे झाले होते. रिशेने त्याला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ नाव दिले. शेंगदाण्याने, पेनिसिलिनने, मधमाशीच्या डंखाने काहींचा जीव का जातो, हे तिथून कळू लागले. रिशेला १९१३ साली नोबेल मिळाले.

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराच्या डॉक्टरांचे धाडस वेगळ्या जातीचे. तिथे पोहणाऱ्यांना हलकासा डंख जाणवे, अर्ध्या तासाने मात्र पाठीत आणि पोटात जीवघेण्या कळा येत आणि रक्तदाब चढे. डंख कुणाचा ते दिसत नसे. १९५२ साली डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनी या आजाराला तिथल्या मूळनिवासी लोकांच्या नावावरून ‘इरुकांजी’ म्हटले. गुन्हेगार सापडला १९६१ साली. डॉ. जॅक बार्न्स यांनी उथळ पाण्यात तासन्‌तास बसून नखाएवढी एक पारदर्शक पेटी-जेलीफिश पकडली. ती तीच आहे हे सिद्ध कसे करायचे? त्यांनी तिचा डंख स्वतःला लावून घेतला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला लावला आणि एका जीवरक्षकालाही. तिघेही इस्पितळात पोहोचले आणि बरे झाले. त्या जातीला आज त्यांचे नाव आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत हा किस्सा कौतुकाने सांगतात. मला त्यातल्या मुलाचे काही केल्या कौतुक वाटत नाही, त्याची काळजी वाटते.

कंदिलाची गोष्ट अजून राहिलीच. समुद्रातला हा गोळा अंधारात चमकतो, हे रोमनांना ठाऊक होते. जेलीफिश काठीला घासली की काठी मशालीसारखी उजळते, असे पहिल्या शतकातल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. उजेड येतो कुठून, हे कळायला मात्र १९६१ उजाडावे लागले.

ओसामू शिमोमुरा १६ वर्षांचा असताना, ९ ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकीपासून काही मैलांवरच्या इसाहाया गावात कारखान्यात कामाला होता. खिडकीतून लखकन उजेड आला, अर्धा मिनिट डोळ्यांना काही दिसेना, मग हवेचा दणका. संध्याकाळी घरी चालत येताना काळा पाऊस पडला आणि अंगातला पांढरा सदरा काळा झाला. आजीने लगेच त्याला आंघोळ घातली. त्या आंघोळीनेच आपण वाचलो असू, असे तो पुढे म्हणे. युद्धानंतर शिकायला जागा मिळेना. नागासाकीच्या औषधनिर्माण विद्यालयाची इमारत जाऊन तिचा तात्पुरता वर्ग त्याच्या घराजवळ आला, म्हणून तो तिथे शिरला. आवड होती म्हणून नव्हे.

१९६१च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टनहून प्रोफेसर जॉन्सन यांच्यासोबत मोटारीने देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रायडे हार्बर नावाच्या बेटावरच्या गावी गेला. तिथल्या खाडीत ‘एक्वोरिया’ ही जेलीफिश लाटांबरोबर हजारोंनी येई. तिच्या कडेला हिरव्या प्रकाशाचे ठिपके. त्या कडा कात्रीने कापायच्या, पिळायच्या आणि प्रकाश देणारे द्रव्य वेगळे करायचे. ते निघेना. शेवटी आम्ल घातल्यावर प्रकाश विझतो, एवढे हाती लागले. उरलेला द्राव त्याने बेसिनमध्ये ओतला, आणि बेसिन निळ्या प्रकाशाने भडकले. काचपेटीतले समुद्राचे पाणी त्याच बेसिनमध्ये वाहत होते. समुद्राच्या पाण्यात असते ते कॅल्शियम. कंदील पेटवणारी काडी सापडली होती! दहा हजार जेलीफिशमधून काही मिलिग्रॅम ‘एक्वोरिन’ निघाले. त्याबरोबर अगदी थोडे, हिरवे चमकणारे आणखी एक प्रथिन निघाले. १९६२च्या लेखात त्याचा उल्लेख जाता जाता आहे.

एक्वोरिन निळा उजेड देते. हे दुसरे प्रथिन तो उजेड घेऊन हिरवा करून सोडते, म्हणून जेलीफिश हिरवी दिसते. त्याचा उपयोग काय, हे कुणालाच माहीत नव्हते. शिमोमुरा, त्याची बायको आणि मुले पुढे जवळजवळ वीस उन्हाळे धक्क्यावर उभे राहून जाळ्यांनी जेलीफिश उपसत राहिले. एकूण आकडा साडेआठ लाख.

उपयोग दिसला तो डग्लस प्रॅशरला. या प्रथिनाचे जनुक मिळाले, तर दुसऱ्या कुठल्याही जिवाच्या पेशीत ते जोडून, त्या पेशीत काय चालले आहे ते जिवंतपणी पाहता येईल. १९९२ साली त्याने जनुक वेगळे केले आणि तेवढ्यात त्याचे अनुदान संपले. त्याने जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवून दिले. चाल्फीने १९९४ साली ते सूक्ष्मकृमीच्या मज्जापेशींत चमकवून दाखवले, त्सिएनने त्याचे नवे रंग बनवले. आज कर्करोगाची पेशी कशी पसरते, मेंदूतली कोणती पेशी कुणाशी जोडली आहे, हे प्रयोगशाळांत पाहतात ते याच उजेडात. २००८चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. प्रॅशर तेव्हा अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांना ने-आण करणारी गाडी चालवत होता. चाल्फी आणि त्सिएन यांनी आपल्या खर्चाने त्याला आणि त्याच्या पत्नीला स्टॉकहोमला नेले, आणि काही वर्षांनी त्सिएनने त्याला आपल्या प्रयोगशाळेत नोकरी दिली.

जनुक हाती आल्यावर प्रथिन मिळवण्यासाठी जेलीफिश मारण्याची गरज राहिली नाही. ते जिवाणूंकडून हवे तितके बनवून घेता येते. फ्रायडे हार्बरला १९९० नंतर एक्वोरियाचे ते थवे दिसेनासे होत गेले. साडेआठ लाख जेलीफिश गोळा करायला आज कुणी त्या धक्क्यावर उभा राहिला, तर त्याच्या जाळ्यात फारसे काही येणार नाही.